बंदराची बातमी

मुलीने ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून धरली आणि बुडबुडा येतो का ते पाहू लागली. बसच्या मागच्या चाकाची ट्यूब होती ती. आता तिच्यात हवेऐवजी पाणी भरायचं होतं, आणि ती खांद्यावर अडकवून निर्जळ खारपट्टा ओलांडायचा होता. तिचा बाप भोंगा समोर उकिडवा बसून तिच्याइतकंच टक लावून पाहत होता. फरक एवढाच, की बुडबुडा येऊ नये असं तिला वाटत होतं आणि यावा असं त्याला.

आला नाही.

"ठणठणीत आहे," ती म्हणाली. "तुमच्या हातचं ठिगळ म्हणजे काय, बाबा!"

ठिगळ त्यानेच लावलं होतं. सोल्यूशन जपून, कडा घासून, चांगलं बोटांनी चेपून. हाताला कुठली अवदसा आठवली होती, असं आता त्याला वाटलं.

"अजून एकदा बघ," तो म्हणाला.

"तीनदा बघितलं."

ती एकटी जाणार नव्हती; वेल्डर आणि त्याचा भाऊ सोबत होते. ऊन तापायच्या आत खारपट्टा पार करायचा आणि बंदर गाठायचं, असं ठरलं होतं. बंदरावर डॉक्टरीणबाई होत्या आणि त्या पोरींना हाताखाली घेऊन शिकवत होत्या. डेपोतले लोक मुलीला थट्टेने नर्सबाई म्हणत, पण आई गेल्यापासून प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी तीच बसत आली होती आणि तिच्याजवळ उकळलेलं पाणी नि उकळलेली फडकी याखेरीज काही नव्हतं. या वर्षी दोन बाळंतिणी तिच्या हातात गेल्या. दुसरी गेली त्या दिवसापासून ती हसायची विसरली होती, आणि बंदराला जायचं ठरल्यावर पुन्हा हसू लागली होती.

अडचण अशी, की बंदरावर डॉक्टरीणबाई नव्हत्या. बंदर तरी होतं की नाही, हे भोंग्याला ठाऊक नव्हतं.

जग बंद पडलं त्याला डेपोतले लोक ब्रेकडाउन म्हणत. बसवाल्यांना दुसरा शब्द कुठून सुचणार, आणि त्या शब्दात गाडी पुन्हा सुरू होण्याची थोडी आशाही होती. ब्रेकडाउनच्या आधी भोंगा याच डेपोत उद्घोषक होता. कुठली बस कुठल्या फलाटाला लागली आहे, हे दिवसभर सांगायचा. नंतर बस कुठेच जाईनाशा झाल्या, लोकांनी सीटा उखडून बसमध्ये संसार मांडले, आणि भोंग्याकडे नवं काम आलं. वरच्या नियंत्रण कक्षात एक बिनतारी संच होता. पाठवायचा भाग जळालेला, स्पीकर जळालेला, पण कानाला हेडफोन लावला की ऐकू यायचं. पहिल्या हिवाळ्यात खरोखरच एक आवाज ऐकू आला होता. सर्दी झालेला कुणी माणूस सांगत होता, की आम्ही बंदरावर जिवंत आहोत, गोड्या पाण्याची विहीर आहे, मासे आहेत. भोंगा रोज संध्याकाळी ते ऐकायचा आणि कर्ण्यावरून खाली सांगायचा.

मग एक दिवस आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तेच सांगायला तो जिना उतरला, तर खाली अख्खा डेपो उभा. कॅन्टीनच्या मावशींच्या कडेवर त्याची स्वतःची पोर होती, तापाने लाल झालेली. तिने विचारलं, "बाबा, आज काय म्हणाले?"

"पाऊस पडला म्हणाले," भोंगा म्हणाला.

एवढंच. एका पावसाने सुरुवात झाली. खोटं हे आगंतुक पाहुण्यासारखं असतं. बसायला जागा दिली की मुक्काम ठोकतं. पावसामागून पीक आलं, शाळा आली. मावशींचा पोरगा त्या पावसाच्या भरवशावर दोघा मित्रांना घेऊन बंदराला निघाला. भोंगा त्याला अडवू शकला असता. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तो निघून गेला होता. पुढे मावशी रोज जिन्याशी येऊन नुसत्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा एका संध्याकाळी भोंग्याने त्याला बंदरावर सुखरूप पोचवलं. मग मिठागरावर कामाला लावलं. मग त्याचं लग्न केलं, आणि मग त्याला एक मुलगी दिली. नाव काय ठेवलं, असं मावशींनी विचारलं तेव्हा भोंगा म्हणाला, "पुढे आवाज तुटला." अडलं की तो हेच म्हणायचा. मावशींनीच मग नातीला छकुली म्हणायला सुरुवात केली आणि सीटांच्या कापडाचे फ्रॉक शिवायला घेतले. दर हिवाळ्यात फ्रॉक बोटभर लांब व्हायचा.

डॉक्टरीणबाई त्याने स्वतःच्या पोरीसाठी केल्या होत्या. ती पंधरा वर्षांची होती, आईची आठवण काढून रडत होती, आणि बापाजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं.

खरं सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण एका वर्षी संच खरोखरच बिघडला होता आणि आठवडाभर बातमी नव्हती. त्या आठवड्यात फिटरने आपल्या बसमध्ये गळफास घेतला. तेव्हा फोरमन भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "हा डेपो डिझेलवर नाही, तुझ्या बातमीवर चालतोय. संच सांभाळ बाबा." आणि मावशींना काय सांगणार? तुमचा पोरगा माझ्या पावसापायी गेला, असं? बोललं तर डेपो बसतो, न बोललं तर पोर जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शेवटी त्याने ठरवलं, की एकच माणूस मारायचं.

*

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं," कर्णा खरखरला. बातमीची सुरुवात तो अजून तशीच करायचा. खाली कुणीतरी नेहमीप्रमाणे ओरडलं, "गाडी किती लेट आहे?" आणि नेहमीप्रमाणे चार माणसं हसली.

"बंदराची बातमी. बंदरावरच्या डॉक्टरीणबाई काल वारल्या. छातीत कळ येऊन गेल्या. त्यांच्यामागे शिकवणारं कुणी नाही."

हसणं थांबलं. काचेतून त्याला मुलगी दिसत होती. ती वेल्डरच्या शेजारी उभी होती आणि तिने डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला. ती रडली. कधी न पाहिलेल्या, कधीच नसलेल्या बाईसाठी त्याची पोर रडली, आणि भोंगा वर उभा राहून मनात म्हणाला, रड, पोरी. रड आणि घरी राहा.

रात्रीचं जेवण झाल्यावर ती ताटली घासत म्हणाली, "तेरवा निघतो आम्ही."

"आता कशाला? शिकवणार कोण?"

"शिकवणार कुणी नाही म्हणजे तिकडे बघणारंही कुणी नाही ना, बाबा. एवढी माणसं तिथे. लहान मुलं आहेत, छकुली आहे." तिने ताटली उपडी घातली. "मला थोडं तरी येतं. त्यांना तेवढंही येत नसेल."

ही पोर अशी कुणामुळे झाली, हे भोंग्याला चांगलं माहीत होतं. इतकी वर्षं रोज संध्याकाळी त्याने बंदरावरची माणसं तिच्या मनात पेरली होती. ती तिची सोयरी झाली होती. जे पेरलं ते उगवलं, मग ओरड कुणाच्या नावाने करायची?

दुसऱ्या संध्याकाळी त्याने साथ आणली. बंदरावर ताप पसरला आहे, दारं बंद केली आहेत, बाहेरून येणाऱ्याला आत घेणार नाहीत, जवळ आला तर गोळी घालतील.

तो खाली आला तेव्हा सगळे कॅन्टीनमध्ये जमले होते. फोरमन खाली मान घालून दाढी खाजवत होता.

"मग रद्द करायचं," भोंगा म्हणाला. "दुसरं काय?"

"रद्द कशाला?" मावशी म्हणाल्या. त्या चुलीपुढे बसल्या होत्या आणि मांडीवर अर्धवट शिवलेला फ्रॉक होता. "परक्याला नाही घेणार, पण ही काय परकी? माझा पोरगा आहे ना आत. नर्सबाई आलीय म्हणल्यावर दार तोडून बाहेर येईल तो. लहानपणी त्याच्या पाठीवर खेळलीय ती."

"मावशी, गोळी घालतील म्हणतायत."

"त्याचं नाव ऐकलं की नाही घालायचे. तुम्ही लांबून त्याच्या नावाने हाक मारा रे." मग त्या मुलीकडे वळल्या. "आणि पोरी, हा फ्रॉक घेऊन जा. उद्यापर्यंत बाही लावते. घेर जरा जास्तच ठेवलाय, अंगाने कशी आहे कोण जाणे. बापावर गेली असली तर काडी असेल."

"देते मी तिला," मुलगी म्हणाली. "स्वतःच्या हाताने घालते."

भोंगा तिथून उठला आणि आपल्या बसमध्ये गेला.

*

तिसऱ्या संध्याकाळी मुलीची पिशवी बांधून तयार होती. भरलेल्या ट्यूब भिंतीला टेकून ठेवल्या होत्या. पहाटे निघायचं होतं.

भोंगा संचापुढे बसला. सवयीने हेडफोन कानाला लावला, सवयीने बटण फिरवलं. खरखर. इतकी वर्षं त्याला ही खरखर ऐकत बसायला बरं वाटायचं. तिच्यात काहीही घालता यायचं. आज ती नुसती खरखर होती.

मावशींनी त्याची पोर वाढवली होती. बायको गेली तेव्हा स्वतःच्या ताटातलं अर्धं काढून त्या पोरीला भरवत. हे सगळं त्याला आठवत होतं. आठवूनही त्याचा निर्णय हलत नव्हता, आणि तो हलत नाही याची त्याला भीती वाटली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं लोक थट्टेने म्हणतात. भोंग्याने कर्ण्याचं बटण दाबलं.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं."

गाडी किती लेट आहे, असं कुणी विचारलं नाही.

"बंदराची बातमी. तापाने माणसं गेली." त्याने आधी दोन परकी माणसं सांगितली, मग मावशींच्या पोराबरोबर गेलेले दोघे मित्र सांगितले. मग पोराचं नाव घेतलं. मग म्हणाला, "आणि त्याची बायको."

खाली कुणीतरी मावशींना धरलं. भोंग्याला बोलणं तिथेच थांबवायचं होतं. तो तसा थांबलाही. तेवढ्यात मावशी मान वर करून ओरडल्या. आवाज काचेतून आत आला.

"आणि छकुली? अरे, छकुलीचं काय?"

भोंग्याने मुलीकडे पाहिलं. ती मावशींकडे पाहत नव्हती. ती भिंतीशी ठेवलेल्या ट्यूबांकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आहे हे त्याला वाचता येत होतं. बाप होता तो. पोरकी पोर तिकडे एकटी आहे एवढं कळलं असतं, तर तिने पहाटेचीही वाट पाहिली नसती.

"छकुलीसुद्धा," तो कर्ण्यात म्हणाला.

*

मुलगी गेली नाही. पिशवी बांधलेली तशीच राहिली आणि ती मावशींच्या बसमध्ये राहायला गेली. भोंग्याला जे हवं होतं ते मिळालं.

मावशी रडल्या नाहीत. त्यांनी शिवलेले सगळे फ्रॉक ट्रंकेतून काढले, लहानापासून मोठ्यापर्यंत, आणि नर्सबाईपुढे ठेवले. "फडकी कर याची," म्हणाल्या. "उकळून घे. बाळंतिणीला होतील." मग त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. चूल दुसऱ्या बायकांनी पेटवली. ताट न्यावं तसं परत येत होतं.

भोंग्याचा आवाज बसला. खरंच बसला, घशातून नुसता वारा यायचा. कर्णा गप्प राहिला आणि संध्याकाळी लोक जिन्याशी न जमता आपापल्या बसमध्ये शिरू लागले. फोरमन येऊन मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगून गेला. जाता जाता वेल्डरच्या बसकडे पाहून म्हणाला, "त्याच्याशीही कुणीतरी बोलायला पाहिजे. फिटर असाच गप्प झाला होता."

मावशींच्या बसमध्ये भोंगा रोज जाऊन बसायचा. का, ते त्यालाच माहीत नव्हतं. आपण केलं काय ते पाहायला जात असेल. एके दिवशी तो तसाच बसला असताना मुलगी मावशींच्या ओठांना चमच्याने पाणी लावत होती. पाणी ओठांवरून ओघळून उशीवर गेलं. तिने चमचा ठेवला.

"बाबा, किल्ली द्या."

त्याने वर पाहिलं.

"वरची. मी ऐकते आज. कुणीतरी वाचलं असेल ना तिकडे. सगळेच्या सगळे कसे जातील? एखादं नाव तरी सापडेल यांना सांगायला."

संचाला भोंग्याखेरीज कुणी हात लावायचा नाही, हा फोरमनचा जुना नियम होता. नुसता तो नियम पुढे केला असता तरी भागलं असतं. आवाज नव्हता, पण मान हलवता आली असती. भोंग्याने मावशींच्या पाठीकडे पाहिलं. लुगड्याखाली पाठीचे मणके दिसत होते. मग त्याने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढली आणि किल्ली मुलीच्या तळहातावर ठेवली.

ती जिना चढताना तिच्या चपलांचा आवाज आला. दार उघडल्याचा आला. मग काही नाही.

भोंगा बसून राहिला. आता ती हेडफोन लावत असेल. आता बटण फिरवत असेल, इकडून तिकडे, तिकडून इकडे. आधी तिला वाटेल, आपल्यालाच जमत नाही. मग टेबलावरची धूळ दिसेल. बटणावर तेवढी धूळ नाही, बाकी सगळीकडे आहे. हुशार आहे पोर. बंदर एका ठरलेल्या जागी लागत असतं, तर शोधून शोधून बटण इतकं झिजलं नसतं, हे तिच्या लक्षात येईल. मग तिला फ्रॉक आठवतील. मग स्वतःचं रडणं आठवेल. ती खाली येऊन सगळ्यांसमोर काय बोलेल, याची त्याने वाट पाहिली, आणि त्याच्या ध्यानात आलं की त्याला तेच हवं आहे. कुणीतरी एकदाचं बोलून टाकावं. पोटची पोर बोलली तर अधिकच बरं.

बराच वेळ गेला. बाहेर उन्हं उतरून बसच्या छपरांवर आली.

कर्णा खरखरला.

"प्रवाशांनी..." मुलीचा आवाज होता. ती खाकरली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं."

बसच्या दारांतून डोकी बाहेर आली. वेल्डर पायरीवर येऊन उभा राहिला.

"बंदराची बातमी. छकुली गेल्याचं तिकडूनच चुकीचं आलं होतं. ती आहे. शेजारच्या एका बाईने तिला सांभाळलंय. ताप उतरलाय. दारं अजून बंदच आहेत, हवा बदलेपर्यंत कुणी यायचं नाही, असा निरोप आहे." थोडा वेळ नुसती खरखर झाली. "छकुली जेवते. आजी कुठे आहे, म्हणून विचारते. पुढे... पुढे आवाज तुटला."

मावशींनी कूस बदलली. ते सोपं नव्हतं; कोपर टेकून, थांबत थांबत त्या उठून बसल्या आणि भोंग्याकडे पाहू लागल्या. डोळे खोल गेले होते.

"ऐकलंस?" त्या म्हणाल्या. "विचारते म्हणे. मला."

भोंग्याने मान हलवली.

"कुणी सांगितलं असेल रे तिला माझ्याबद्दल? तिच्या बापानेच सांगितलं असेल ना? जायच्या आधी?"

त्याने पुन्हा मान हलवली. मग मावशी रडल्या. पोरासाठी, सुनेसाठी, पहिल्यांदाच मोठ्याने रडल्या, आणि बाहेरच्या बायका धावत आत आल्या. रडता रडता एकीला म्हणाल्या, "ते फ्रॉक फाडले की काय गं सगळे? मोठा तेवढा राहू दे."

भोंगा बाहेर आला. मुलगी जिना उतरून आली होती. किल्ली तिच्या गळ्यात होती. ती त्याच्याकडे न पाहता भिंतीशी गेली आणि एकेका ट्यूबचं तोंड सोडून आतलं पाणी मावशींच्या पातेल्यात ओतू लागली. पाण्याला रबराचा वास येत होता. भोंगा जवळ जाऊन उभा राहिला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, पण घशातून वाराच आला.

तिने शेवटची ट्यूब पिळून रिकामी केली, तिची घडी घातली आणि लावलेल्या ठिगळावरून एकदा अंगठा फिरवला.

"त्या शेजारच्या बाईचं नाव काय सांगायचं?" तिने हळूच विचारलं. "मावशी उद्या विचारतील."